अंडरफ्लोअर हीटिंगचा ‘स्वतः शिकणारा’ थर्मोस्टॅट नेमके काय शिकतो?

केशरी
१० नोव्हेंबर, रात्री ९:१५

नमस्कार. ऑगस्टमध्ये आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात नव्या बांधणीच्या रो हाऊसमध्ये राहायला आलो. घरात हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारे विजेचे यंत्र) आहे, तिन्ही मजल्यांवर फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत आणि रेडिएटर एकही नाही. प्रत्येक खोलीत भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट असून माहितीपुस्तिकेत त्याला ‘स्वतः शिकणारा’ म्हटले आहे. सकाळी सात वाजता वीस अंश हवे असतील तर तेवढेच सांगून ठेवावे, त्यासाठी हीटिंग केव्हा चालू करायचे ते यंत्र आपले आपण शोधून काढील, असा त्याचा दावा आहे.

प्रत्यक्षात आमचे असे चालले आहे. बेडरूम १४ चौरस मीटरची आहे. तिथे रात्री १८ आणि सात वाजल्यापासून २० अंश ठेवले आहेत. सकाळी सात वाजता ती १७.८ असते आणि दुपारपर्यंतही १८.५ च्या पुढे सरकत नाही. तिच्या शेजारी नऊ चौरस मीटरची माझी घरून काम करण्याची खोली आहे. तिथे नऊ वाजता २०.५ मागितले आहेत, पण मी संगणक उघडून बसते तेव्हा तिथे २३.५ ते २४ असतात आणि नोव्हेंबरात खिडकी उघडावी लागते. अ‍ॅपमधील नोंदींवरून असे दिसते की बेडरूमचा थर्मोस्टॅट पहिल्या दिवशी साडेपाचला चालू झाला, मग पावणेपाचला, मग चारला, आणि काल तर तो पहाटे तीनलाच उठून बसला होता. हे शिकणे समजायचे की भरकटणे?

आणखी एक बाब सांगितली पाहिजे. सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या थर्मोस्टॅटला पंख्याचा रेग्युलेटर समजतात. थंडी वाजली की २६ वर नेतात आणि तासाभराने पुन्हा खाली आणतात. यामुळे यंत्र चुकीचे काही शिकत असेल का?

तापमापक
१० नोव्हेंबर, रात्री ११:४०

केशरीताई, मी नेदरलँड्समध्ये इमारतींच्या तापनियंत्रणाचेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘स्वतः शिकणारा’ हे एकच विशेषण दोन अगदी वेगळ्या यंत्रांना लावले जाते आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला प्रकार घरातल्या माणसांच्या सवयी शिकतो. २०११ साली अमेरिकेत आलेला नेस्ट हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. चकती केव्हा आणि किती फिरवली जाते, घरात कोणी आहे की नाही, हे पाहून तो स्वतःचे वेळापत्रक बनवतो. अशा यंत्रापुढे तुमच्या सासूबाईंनी आठवडाभर दुपारी चारला २६ केले असते, तर आठव्या दिवशी त्याने ते आपणहून केले असते. दुसरा प्रकार माणसांकडे लक्ष देत नाही. वेळापत्रक तुम्ही द्यायचे आणि त्याने घर ओळखायचे. तुमच्याकडे हा दुसरा प्रकार दिसतो, त्यामुळे सासूबाईंमुळे फार तर त्या दिवसाचे मोजमाप वाया जाईल. त्यांची सवय यंत्राला लागणार नाही.

घर ओळखायचे म्हणजे काय, ते कळण्यासाठी आधी पायाखाली काय आहे ते पाहू. तुमच्याकडे बहुधा खाली उष्णतारोधक थर असेल, त्यावर १६ मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास व्यासाची प्लास्टिकची नळी गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळत नेलेली असेल, आणि ती पूर्ण बुडेल असा सुमारे ६५ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा थर वर ओतलेला असेल. याला जर्मनीत एस्ट्रिख म्हणतात. हा थर दर चौरस मीटरला साधारण १३० किलो भरतो. म्हणजे तुमच्या बेडरूमखाली १,८०० किलोंचा एक सलग धोंडा आहे आणि तो एका अंशाने तापवायला सुमारे अर्धा युनिट उष्णता लागते. खोलीतल्या सगळ्या हवेचे वजन मात्र चाळीस किलोंच्या आसपास असते. थर्मोस्टॅट मोजतो हवा, आणि त्याला तापवायचा असतो धोंडा.

आपल्याकडच्या बिडाच्या तव्याची आठवण करा. पहिले घावन घालायच्या आधी तो बराच वेळ ठेवावा लागतो आणि गॅस बंद केल्यावरही शेवटचे घावन त्याच्यावर आरामात होते. फरशीचेही तसेच आहे, फक्त मिनिटांच्या जागी तास घालावेत. पाण्यातून दर चौरस मीटरला ४० वॅट उष्णता मिळत असेल आणि ती सगळीच्या सगळी थरात मुरली, तरी तो तासाला जेमतेम एक अंशाने तापतो. उलट बाजूने, झडप बंद झाल्यावर फरशी आणि हवा यांच्यातला फरक निम्म्यावर यायला दोन-सव्वादोन तास लागतात. साध्या थर्मोस्टॅटने वीस अंश झाल्यावर पाणी तोडले, तर तोपर्यंत धोंड्यात साठलेली उष्णता पुढचे काही तास वर येतच राहते आणि खोली बावीसवर जाते. मग ती उतरायला इतका वेळ लागतो की पुन्हा चालू होईपर्यंत तिथे काकडायला होते.

तुमचे यंत्र हीच रेंगाळण्याची वेळ शिकते. पाणी सोडल्यापासून हवेत पहिला दशांश अंश वाढायला किती वेळ लागला, त्यानंतर तासाला किती अंश चढले, आणि पाणी बंद असताना खोली कोणत्या वेगाने निवली, एवढीच त्याची शाळा आहे. पहिल्या दिवशी ते एखादा ठोकळ अंदाज धरून चालते. सातला वीसऐवजी एकोणीस झालेले दिसले की दुसऱ्या दिवशी लवकर उठते, वेळेआधी पोहोचले तर थोडे उशिरा. आठ-पंधरा दिवसांत ही सुरुवातीची वेळ स्थिरावायला हवी. तुमच्या वेळा साडेपाच, पावणेपाच, चार आणि तीन अशा एकाच दिशेने सरकत आहेत. याचा अर्थ यंत्र आपले काम चोख करत आहे, पण त्याच्या प्रयत्नांना खोलीकडून उत्तरच मिळत नाही.

बेडरूमची खिडकी रात्री उघडी असते का? आणि काम करण्याची खोली पूर्वेला आहे का? सकाळचे ऊन काचेतून आत येत असेल तर त्या खोलीचे कोडे तिथेच सुटेल, कारण ऊन केव्हा येणार हे भिंतीवरच्या डबीला कळत नाही. काही यंत्रे इंटरनेटवरून हवामानाचा अंदाज घेतात, पण ढग तुमच्याच खिडकीवर येणार की नाही, ते त्यांनाही सांगता येत नाही.

विदर्भकर
११ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

आम्ही नागपूरकर, त्यामुळे फरशी तापवायला पैसे मोजणारी माणसे जगात आहेत हे वाचूनच घाम फुटला. पण शंका खरी आहे. फ्रिज जसा ठरलेल्या तापमानावर बंद होतो आणि थोडे चढले की चालू होतो, तसे इथे का चालत नाही ते समजले. मग हा शिकलेला थर्मोस्टॅट त्याऐवजी करतो तरी काय? झडप अर्धी उघडतो का?

तापमापक
११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

बहुतेक घरांत झडप अर्धी उघडता येत नाही. जिन्याखाली किंवा कपाटात एक मॅनिफोल्ड असतो, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या नळ्या जिथे एकत्र येतात तो जोड. त्यात प्रत्येक खोलीच्या नळीवर अंगठ्याएवढा अ‍ॅक्चुएटर बसवलेला असतो. त्याच्या आत मेण असते. वीज मिळाली की मेण तापून फुगते, तीन-चार मिलिमीटरचा दट्ट्या सरकतो आणि पाणी वाहू लागते. वीज तोडली की ते निवते आणि झडप मिटते. उघडायला आणि मिटायला प्रत्येकी तीन ते पाच मिनिटे लागतात.

म्हणून थर्मोस्टॅट वेळेचे तुकडे पाडतो. समजा वीस मिनिटांचा एक फेरा धरला आणि खोलीला चाळीस टक्के उष्णता पुरेशी आहे असे त्याला वाटले, तर आठ मिनिटे झडप उघडी आणि बारा मिनिटे बंद. धोंडा इतका संथ असतो की त्याला ही उघडझाप जाणवत नाही. त्याच्यापर्यंत सरासरीच पोहोचते. ठरलेले तापमान जवळ येऊ लागले की हे प्रमाण आधीच घटवत नेले जाते, म्हणजे गॅस आधी बारीक करून ठेवावा तसे.

यात एक मेख आहे. किती टक्के द्यायचे हे ठरवताना यंत्र आत्ताचा फरक तर पाहतेच, शिवाय आतापर्यंत किती वेळ किती कमी पडले याची थकबाकीही ते वहीत मांडत राहते. जुन्या किंवा रेडिएटरसाठी बनवलेल्या यंत्रांत ही थकबाकी फार वेगाने वाढते. धोंडा तापेपर्यंतच्या तीन तासांत वही भरून जाते, आणि मग खोली वीसवर आली तरी यंत्र जुनी उधारी वसूल करत बसते. त्यामुळे थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये ‘रेडिएटर’, ‘फ्लोअर हीटिंग, पाण्याचे’, ‘फ्लोअर हीटिंग, विजेचे’ असे पर्याय असतील तर तिथे योग्य पर्याय निवडलेला आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. केशरीताई, आपणही पाहावे.

सुलभा_लीड्स
११ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आमच्याकडे घरभर नाही, फक्त बाथरूममध्ये विजेची चटई आहे. तीन चौरस मीटर, दर चौरस मीटरला १५० वॅट, म्हणजे एकूण ४५० वॅट. तिच्याखाली उष्णतारोधक फळ्या आहेत आणि वर लगेच टाइल. मध्ये जाड सिमेंट नाही. त्यामुळे आमचे धडे वर्षभर गमतीदार दिसतात. साडेसहाला फरशी २७ अंश हवी असे सांगितले आहे. जानेवारीत थर्मोस्टॅट पाच-पन्नासला उठतो, एप्रिलमध्ये सहा-दहाला. तापमापक यांचा बिडाचा तवा तुमच्याकडे, माझ्याकडे नॉनस्टिक.

विजेच्या फरशीसाठी ही सोय आता चैनीची राहिलेली नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या ११८८ क्रमांकाच्या नियमामुळे १ जानेवारी २०१८ पासून अशा हीटिंगला कार्यक्षमतेची किमान पातळी गाठावी लागू लागली आणि ती गाठण्याचे जे मार्ग त्या नियमात मोजले जात, त्यांत आठवड्याचे वेळापत्रक, उघडी खिडकी ओळखणे आणि ही वेळेआधी योग्य क्षणी चालू होण्याची क्षमता यांचा समावेश होता.

एक अनुभवाची सूचना. आमच्या मिस्त्रीने फरशीतला सेन्सर नळीत न घालता सरळ टाइलच्या चिकटमातीत गाडला होता. तो दोन वर्षांनी बिघडला तेव्हा एक टाइल फोडावी लागली. सेन्सर नळीत असता तर ओढून नवा घालता आला असता. बिघाड ओळखणे मात्र सोपे असते: पुष्कळ कंपन्यांच्या सेन्सरचा विद्युतरोध २५ अंशांना १० किलोओहम असतो आणि २० अंशांना साधारण साडेबारा. आमचा अनंत दाखवत होता.

पुनर्वसू
११ नोव्हेंबर, रात्री ८:५०

मी म्युनिकजवळ राहतो, चौथा हिवाळा, हीट पंप. माझे मत इथे अनेकांना रुचणार नाही, तरी मांडतो. चांगल्या उष्णतारोधक घरात, हीट पंपासोबत, या थर्मोस्टॅटला शिकण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही आणि उरू देऊही नये.

कारण असे की फरशी स्वतःच थर्मोस्टॅट असते. हवा २१ आणि फरशी २४ असेल तर दर चौरस मीटरला सुमारे ३० वॅट बाहेर पडतात. ऊन आले आणि हवा २२ झाली, की फरक तीनऐवजी दोनच अंशांचा राहतो आणि उष्णता एक तृतीयांशाहून अधिक घटून १९ वॅटवर येते, तेही कोणी बटण न दाबता आणि त्याच क्षणी. हवा २४ झाली तर शून्य. रेडिएटरमधून पन्नास-साठ अंशांचे पाणी फिरत असते, तिथे हवेतल्या एका अंशाने काही बिघडत नाही. फरशीत तोच एक अंश निर्णायक ठरतो. ही किमया साधायची तर पाणी शक्य तितके कोमट हवे, आणि ते काम हीट पंपाच्या हीटिंग कर्व्हचे आहे: बाहेर उणे दहा असताना किती गरम पाणी सोडायचे आणि अधिक सात असताना किती, हे ठरवणारी रेषा. ती रेषा नीट बसली की झडपा सताड उघड्या ठेवाव्यात, प्रत्येक खोलीचा प्रवाह मॅनिफोल्डवरच्या काचेच्या नळकांड्यांत पाहून एकदाच जुळवून घ्यावा, आणि विसरून जावे. पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवले की हीट पंपाची वीज साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी वाचते. याउलट सगळे थर्मोस्टॅट आपापल्या मनाने झडपा मिटू लागले, तर पंपाला पाणी फिरवायला वाट उरत नाही आणि तो दर दहा मिनिटांनी चालू-बंद होत राहतो.

रात्री दोन अंश उतरवण्यातही फारसा अर्थ नाही. नव्या घरात रात्रभरात खोली मुळी एक अंशही उतरत नाही. मग पहाटे धोंडा पुन्हा तापवण्यासाठी पंपाला जास्त गरम पाणी करावे लागते, तेही चोवीस तासांतल्या सर्वांत थंड वेळी.

तापमापक
११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

पुनर्वसू, बहुतांश सहमत आहे. दोन पुरवण्या जोडतो. जर्मनीत खोलीनिहाय नियंत्रण कायद्यानेच बसवावे लागते. फ्लोअर हीटिंगसाठी सहा चौरस मीटरपेक्षा लहान खोल्यांना तेवढी सूट आहे. त्यामुळे थर्मोस्टॅट भिंतीवर असणारच. तो उपटण्यापेक्षा हव्या त्या तापमानापेक्षा अंशभर वर ठेवून वरची मर्यादा म्हणून वापरावा, म्हणजे पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत तो मध्ये पडेल, एरवी गप्प बसेल. दुसरे असे की सगळी घरे आपल्यासारखी नव्या बांधणीची नसतात. गॅस बॉयलर, १९७० च्या आसपासचे घर, दिवसभर सगळे कामावर, अशा ठिकाणी खोली रात्रीत तीन-चार अंश उतरते आणि शिकणारा थर्मोस्टॅट आपली किंमत वसूल करून देतो.

केशरी
१२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सर्वांचे आभार. तपासून सांगते. सेटिंगमध्ये ‘फ्लोअर हीटिंग, पाण्याचे’ हाच पर्याय निवडलेला आहे. बेडरूमची खिडकी रात्री बंद असते. कामाच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, शिवाय गेले पाच दिवस इथे सूर्य दिसलेला नाही. तरीही आज नऊ वाजता तिथे २३.८ होते. अ‍ॅपमध्ये त्या खोलीच्या थर्मोस्टॅटची नोंद उघडली, तर आठवडाभरात त्याने एकदाही उष्णता मागितलेली नाही. मागितली कशी असणार, खोली सदैव तापलेलीच आहे.

वायरमन
१२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

हे वाक्य पुन्हा वाचा: एका खोलीचा थर्मोस्टॅट आठवडाभर उष्णता मागत नाही आणि ती खोली तापते, शेजारच्या खोलीचा पहाटे तीनपासून मागतो आणि ती तापत नाही. ताई, या दोन खोल्यांच्या वायरी जोडपट्टीवर अदलाबदल झाल्या आहेत. बेडरूमची डबी तुमच्या कामाच्या खोलीची झडप उघडते आहे. बर्लिनमध्ये नव्या घरांत मी हे दोनदा स्वतः पाहिले आहे.

खात्री करणे सोपे आहे. घरातले सगळे थर्मोस्टॅट अगदी खाली न्या आणि अर्धा तास थांबा. मग फक्त बेडरूमचा २८ वर न्या आणि मॅनिफोल्डचे कपाट उघडून बसा. पाच-सात मिनिटांत एका अ‍ॅक्चुएटरची खूण वर येईल आणि त्याच नळीच्या काचेत प्रवाह दिसू लागेल. आणखी दहा मिनिटांनी परतीच्या नळ्यांना हात लावून पाहा, एकच कोमट लागेल. ती कोणत्या खोलीची आहे, हे चिठ्ठीवर वाचू नका. चिठ्ठीच चुकलेली असू शकते. त्या खोलीत जाऊन अनवाणी उभे राहा. जोडपट्टीला मात्र हात लावू नका, तिथे २३० व्होल्ट असतात.

केशरी
१३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

वायरमन, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

आज दुपारी तसेच केले. मी जिन्याखालच्या कपाटासमोर पाट घेऊन बसले आणि सासूबाई वर बेडरूममध्ये २८ करायला गेल्या. हे काम त्यांनी विशेष आनंदाने केले. सहाव्या मिनिटाला चौथ्या अ‍ॅक्चुएटरच्या डोक्यातली निळी कडी हळूच वर आली आणि काचेतला लाल दट्ट्या शून्यावरून दीड लिटरच्या खुणेजवळ जाऊन थांबला. त्या नळीवर ‘बेडरूम’ अशी चिठ्ठी आहे. बाकीचे सगळे निश्चल. पाऊण तासाने सासूबाईंनी वरून हाक मारली की कामाच्या खोलीची फरशी पायाला जाणवते आहे आणि बेडरूमची अजून गारच आहे. चिठ्ठ्याच उलट्या होत्या.

हीटिंगचे काम केलेल्या कंत्राटदाराला फोन केला. त्याचा माणूस उद्या येतो आहे. आराखड्याच्या आधीच्या आवृत्तीत या दोन खोल्या एकमेकींच्या जागी होत्या आणि चिठ्ठ्या त्याच कागदावरून लावल्या गेल्या असाव्यात, असे त्याने स्वतःच कबूल केले.

आता प्रश्न असा की यंत्र दोन महिने जे चुकीचे शिकले, त्याचे काय करायचे?

तापमापक
१३ नोव्हेंबर, रात्री ९:००

मीही उन्हावर संशय घेऊन मोकळा झालो होतो. वायरमन यांचे निदान बिनचूक निघाले. मागे वळून पाहता तीनची वेळ हीच खूण होती. यंत्राचा पुरवठा आणि यंत्राचे मोजमाप एकाच खोलीत नसेल, तर त्याला कितीही शिकवले तरी ते एवढेच शिकते की अजून लवकर उठावे.

वायरी बदलल्यावर दोन्ही थर्मोस्टॅटमधील शिकलेली माहिती पुसून टाका. ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यास वेळापत्रकही जाते, म्हणून आधी त्याचे फोटो काढून ठेवा. न पुसता ठेवले तरी यंत्र हळूहळू वळणावर येईल, पण तोवर बेडरूम आठवडाभर पहाटे तीनपासून तापत राहील. पुढचे दहा दिवस वेळापत्रक बदलू नका आणि हीटिंग कर्व्हलाही हात लावू नका. पाण्याचे तापमान बदलले की तासाला किती अंश चढतात हा धडाच बदलतो.

केशरी
४ डिसेंबर, रात्री ९:२०

तीन आठवडे झाले, म्हणून नोंदी देते.

माणूस आला, दोन वायरी बदलल्या, चिठ्ठ्या बदलल्या, चार मिनिटांत गेला. पुसून टाकल्यावर पहिल्या सकाळी बेडरूमचा थर्मोस्टॅट पाचला उठला आणि सातला १९.१ झाले होते. मग तो चार-वीस, तीन-पन्नास असा मागे सरकत आठव्या दिवशी साडेतीनच्या आसपास स्थिरावला आणि सातला १९.८ मिळू लागले. म्हणजे बिघाड असताना ज्या वेळेने मी घाबरले होते, जवळपास त्याच वेळेला तो अजूनही उठतो. फरक एवढाच की आता खोली तापते. पुनर्वसू यांचे म्हणणेही इथेच पटले: रात्री १८ मागूनही खोली कधी १८.६ च्या खाली गेलेली नव्हती. अशा सव्वा अंशासाठी साडेतीन तासांची धावपळ कशाला, म्हणून आता बेडरूम अहोरात्र १९.५ वर ठेवली आहे.

अकराव्या दिवशी हीटिंग कर्व्ह थोडी खाली आणली. बाहेर शून्य असताना आता ३३ ऐवजी ३१ अंशांचे पाणी येते. तापमापक यांनी सांगितल्याप्रमाणेच झाले. कामाच्या खोलीत अजून वेळापत्रक आहे, तिथे नऊ वाजता चार दिवस अर्धा अंश कमी भरला आणि पाचव्या दिवसापासून थर्मोस्टॅटने स्वतःच चाळीस मिनिटे आधी सुरुवात केली. हे पाहताना मला त्याचे खरेच कौतुक वाटले. खिडकी उघडण्याची वेळ आता आलेली नाही.

सासूबाईंसाठी थर्मोस्टॅट १९ ते २१.५ एवढ्याच पट्ट्यात फिरेल अशी मर्यादा घातली. परंतु त्यांची नवी तक्रार अशी आहे की फरशी पायाला गार लागते, म्हणजे यंत्र पुन्हा बिघडले असणार.

तापमापक
४ डिसेंबर, रात्री १०:३०

बिघडलेले नाही. तळपायाची त्वचा साधारण २८ ते ३० अंशांची असते, त्यामुळे २३-२४ अंशांची फरशी तिला गारच वाटते. फरशी उबदार लागावी इतकी तापवली, तर तुमच्या घरात हवा २५ च्या वर जाईल. युरोपीय मानकात राहत्या जागेसाठी फरशीची मर्यादा २९ अंश ठेवलेली आहे, पण चांगल्या उष्णतारोधक घराला तिच्या जवळपासही जावे लागत नाही. बाथरूममध्ये मर्यादा ३३ आहे. तिथली फरशी त्यांना नक्की आवडेल.

केशरी
५ डिसेंबर, सकाळी १०:१०

आज त्यांच्या हातात इन्फ्रारेड तापमापी दिली. त्यांनी सगळे घर मोजून काढले: बेडरूम २२.६, कामाची खोली २३.४, बाथरूम २७.१. शेवटी स्वतःच्या तळपायावर धरली, २८.९. थोडा वेळ विचार केला आणि लोकरीचे मोजे मागून घेतले.